गच्चीवरची वीस मिनिटं

आमच्या घरात एक नियम होता. शिकलेल्या पोरीने उन्हात बसायचं नाही. आणि त्याला चिकटून दुसरा नियम होता. पहिल्या नियमाला 'का' विचारायचं नाही!

मी आठवीत असताना विचारलं होतं. आईने नुसतं हाताला धरून पडवीत आणून बसवलं. माझे थोरले काका, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो, तेवढे बोलले, "सांगितलं तेवढं ऐकायचं." पुढे मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं, सूर्य आपल्यापासून किती लांब आहे ते पाठ केलं, पण अंगणात त्याच्यासमोर उभं राहायची परवानगी काही मिळाली नाही.

'का' न विचारलेल्या गोष्टींवर किस्से फार चढतात, कुंपणावर घेवडा चढतो तसे. आमच्या कंपनीतल्या दोघी कुठे भेटल्या, हळदीकुंकवाला भेटोत की दाताच्या दवाखान्यात, की झालं सुरू! "सुगंधाची छत्री आठवते?" "आणि शेठ जिना चढून आले तो दिवस?" शेवटी आजूबाजूचे लोक बघायला लागतात.

अंगात व्हिटॅमिन डी कमी असणं ही तशी हसण्यासारखी गोष्ट नाही. पण जिचं सगळ्यात जास्त दुखत होतं तीच सगळ्यात मोठ्याने हसायची. मग आम्ही तरी काय करणार?

* * *

कंपनी म्हणजे एलईडी बल्बचं टेस्टिंग आणि पॅकिंग. शहापूर तालुक्यात, शेणवे गावाच्या पुढे, रस्त्याला लागून एकमजली इमारत, वर गच्ची. आम्ही चाळीसएक बायका. बल्ब होल्डरला लावायचा, नीट पेटला की खोक्यात, लुकलुकला की टोपलीत. उजेडातला फरक डोळ्यांना कळावा म्हणून हॉलच्या सगळ्या खिडक्यांना काळा कागद. कंपनीची गाडी सकाळी सातच्या आत गावातून उचलते आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर सोडते. मी तिथे क्वालिटीला.

आमची लाइन लीडर कल्पनाताई. पंचेचाळिशीची, आमच्याच गावची. नवरा गेल्यापासून दोन मुलींचं एकटीने बघते. आवाज असा, की ती ओरडली की लुकलुकणारे बल्बसुद्धा सरळ पेटावेत! लाइन लीडरने दिवसभर उभं राहायचं असतं. वर्षभर तिच्या मांड्या, कंबर, टाचा दुखत होत्या. "वय झालं गो," म्हणायची आणि पुढच्या टेबलाकडे जायची.

एक दिवस लंचनंतर ती स्टुलावरून उठायला गेली आणि उठताच येईना. टेबल धरलं, माझा खांदा धरला, तरी नाही. शेवटी दोघींनी काखेत हात घालून तिला उभी केली. त्याच शनिवारी मी तिला शहापूरला डॉक्टर मॅडमकडे नेलं.

पुढच्या शनिवारी तिच्या रक्ताचा रिपोर्ट बघून मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कामाला कुठे?"

"बल्बच्या कंपनीत."

"म्हणजे दिवसभर उजेडात!"

"हो तर. एका टायमाला दीडशे बल्ब चालू असतात."

"आणि ऊन?"

कल्पनाताईने प्रामाणिकपणे विचार केला. "रविवारी कपडे धुते ना. ते दिवसभर उन्हात असतात."

"आणि तुम्ही?"

"मी आत. स्वयंपाक नको करायला?"

मॅडम म्हणाल्या, "छान. म्हणजे तुमच्या साड्यांची हाडं एकदम मजबूत आहेत!"

हसणं झाल्यावर मॅडमनी नीट सांगितलं. आठवड्याला व्हिटॅमिन डीची एक पुडी, दुधातून. पण नुसत्या पुडीवर राहायचं नाही. रोज दुपारच्या उन्हात वीस मिनिटं, हात-पाय उघडे ठेवून. "असंच चालू ठेवलंत तर उभं राहायचं काम सोडावं लागेल. आत्ताच सांगून ठेवते."

रिक्षा शहापूरच्या बाहेर पडली तेव्हा कल्पनाताई मांडी चोळत होती. मग म्हणाली, "बसायची कामं आमच्याकडं सगळी भरलेली हायत. उभं राहायचं सोडलं तर मी करू काय?"



* * *

सोबत गेलेच होते म्हणून मीही रक्त दिलं. दोन दिवसांनी माझा रिपोर्ट आला. माझा आकडा तिच्यापेक्षा कमी!

मी तो कुणाला सांगणार नव्हते. पण कागद कल्पनाताईच्या हाती लागला. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि तिने जाहीर केलं, "बायांनो, ऐका! दिवसभर आपले बल्ब फेल करते ना, ती क्वालिटीवाली स्वतःच फेल! टाका हिला टोपलीत!"

त्यानंतर आठवडाभर मी कुणाचा बल्ब बाजूला काढला की ती बाई म्हणायची, "राहू दे गो. तुझ्यापेक्षा बराच पेटतोय."

पण त्याचा एक फायदा झाला. माझ्यासारखी तरणी पोर फेल म्हटल्यावर बाकीच्याही तपासून आल्या. एकेकीचा रिपोर्ट येत गेला, आणि टोपली भरत गेली.

* * *

घरी मी पुड्यांचा डबा आणून फडताळात ठेवला आणि आईला सांगितलं, "हे उन्हाचं औषध आहे. उन्हात बसलं की अंगात जे तयार होतं, ते यात असतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी बघते तर अंगणात खाटेवर तांदळाचे पापड, त्यांच्या शेजारी मिरच्या, आणि मिरच्यांच्या शेजारी माझ्या चारही पुड्या! ओळीने, तोंड सूर्याकडे करून!

"आई, हे काय?"

"ऊन भरायला घातल्यात. दुकानात किती दिवस अंधारात पडल्या असतील, कोण जाणे."

मी कपाळाला हात लावला. "अगं, पाकिटावर लिहिलंय, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पुड्यांना नको, मला हवंय ऊन! मी बसते तिथे."

"तू नाय बसायचं."

मग मात्र मी भडकले. एवढी वर्षं आत साठलेलं सगळं बाहेर आलं. का नाही बसायचं? कुणी ठरवलं? काळी पडेन म्हणून? बघायला येणारे नाक मुरडतील म्हणून?

आई मिरच्या उलटत होती. वर न बघता म्हणाली, "काळं पडायचं कोण बोल्लं? माझं आख्खं आयुष्य उन्हात गेलं. डोकं भणभणायचं, डोळ्यांपुढं अंधारी यायची, तरी काम सोडता यायचं नाय. तवा ठरवलं, पोर शिकवायची आणि सावलीत बसवायची. आता तूच पैसे मोजून डॉक्टरला विचारून येतेस, उन्हात कधी बसू म्हणून!"

 आईवर चिडायची मला सवय आहे, पण त्या दिवशी चिडायला जागाच सापडेना. मी गुपचूप पुड्या उचलायला लागले.

आई म्हणाली, "राहू दे त्या. तू नाय ना बसायचीस, त्या तरी बसतील."

* * *

आमच्या लाइनवर सुगंधा आहे. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, पण तिला सगळे एकेरीच म्हणतात. तिने पुडीसाठी सोमवार धरला. आणि सोमवारी तिचा उपास.

"उपासाला चालंल का गो ही?"

"दुधातून घ्यायची आहे. दूध चालतं ना?"

"दूध चालतं. पण आत काय घातलंय, ते बघ ना. तुला इंग्लिश येतं."

मी बल्बखाली धरून पुडीवरची बारीक अक्षरं वाचली. धान्य नाही, मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच नाही. "बिनधास्त घे. उपासाला चालेल असंच आहे सगळं."

सुगंधाचा चेहरा पडला. "म्हणजे साबुदाणा हाय का त्यात? मला साबुदाण्यानं जाम ॲसिडिटी होते!"

* * *

पुड्या मिळाल्या, पण ऊन? कंपनीत ऊन फक्त गच्चीवर, आणि गच्चीला कुलूप. खाली गेटाजवळ दिवसभर टेम्पो उभे, ड्रायव्हर टेम्पोला टेकून उभे. तिथे हात-पाय उघडे टाकून कोण बसणार?

कल्पनाताई शेठच्या केबिनमध्ये गेली. मी मागे होते, रिपोर्टांची फाइल घेऊन.

"शेठ, लंचला गच्चीची चावी पाहिजे. वीस मिनिटं."

शेठने मोबाइलमधून डोकं काढलं. "गच्चीवर काय आहे?"

"ऊन."

"ते सगळीकडे आहे."

"तुमच्या हॉलमध्ये नाय. खिडक्यांना काळा कागद तुमीच लावलाय."

शेठने फाइल चाळली. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं टार्गेटमध्ये मोजायची सवय. "चाळीस बायका वर जाणार, वर गप्पा मारणार, खाली येणार. माझं टार्गेट कोण पूर्ण करणार?"

"आमी. एक खोका जरी कमी भरला, तर चावी परत. मी स्वतः आणून देईन."

शेठने पंधरा दिवसांच्या बोलीवर चावी दिली. ते पंधरा दिवस ती बाई कशी उभी राहिली ते मी बघितलंय. टेबलांच्या मधून फिरताना एक हात कायम कशाला तरी धरलेला. कुणाचा हात थांबला की ही तिथे हजर. बसून चेक करता येण्यासारखं काही असलं, तरी बसायची नाही. "बसले की उठायला टाइम जातो," म्हणायची. एकही खोका कमी भरला नाही. उलट दोन दिवस जास्तच भरले!

पंधराव्या दिवशी तिने शेठला हिशेब दाखवला. शेठ म्हणाले, "मग ठीक आहे, ठेवा चावी." आणि वर, "चार खोके जास्त कसे झाले?"

कल्पनाताई म्हणाली, "शेठ, पोट भरल्यावर कामाला जोर येतो का नाय? तसंच ऊन. अजून दहा मिनिटं द्या, चार खोके आणखी काढते!"

शेठने घाईघाईने मोबाइल कानाला लावला.

* * *

पण गच्चीवरचा पहिला दिवस सांगायचा राहिलाच! चाळीस बायका जिना चढून वर आल्या आणि आल्या आल्या प्रत्येकीने तोंडाला स्कार्फ गुंडाळला. पूर्ण बाह्यांचे ब्लाउज, हातांत स्कूटीचे मोजे, पायांत सॉक्स. एकीने चेहऱ्याला उन्हापासून वाचवणारं क्रीम थापलेलं. आणि सुगंधा छत्री उघडून बसलेली!

मी ओरडले, "अगं, छत्री कशाला?"

"ऊन किती लागतंय!"

"ते लागावं म्हणूनच आलो ना आपण!"

"हो, पण डायरेक्ट?"

मी सगळ्यांना समजवायला लागले. किरणं, कातडी, स्कार्फ, सगळं. कुणी ऐकेना. एकमेकींकडे बघत बसल्या. इतक्या बायकांसमोर पहिली कोण उघडी पडणार?

मग कल्पनाताई पुढे झाली. पाण्याच्या टाकीला पाठ लावून खाली बसली, पदर कमरेला खोचला, बाह्या वर केल्या, साडी गुडघ्यापर्यंत ओढली आणि पाय लांब केले. पाय कसले! घटस्थापनेला अंधाऱ्या कोपऱ्यात पेरलेलं धान जसं पिवळंफटक उगवतं, तसे.

सगळ्या वाकून बघायला लागल्या.

तिनेच खाली बघितलं आणि म्हणाली, "आई गं, हे कुणाचे पाय? माझे तर सावळे होते!"

मग एकेक स्कार्फ सुटला.

* * *

ऊन नेमकं कधी चांगलं, याचा मी त्यांना सोपा उपाय सांगितला होता. उभं राहायचं आणि आपली सावली बघायची. सावली आपल्यापेक्षा आखूड असेल, तर ऊन कामाचं.

झालं. रोज वर आल्या की आधी सगळ्या सावल्या बघायच्या. एक दिवस सुगंधा बराच वेळ स्वतःच्या सावलीभोवती फिरत होती. इकडून बघ, तिकडून बघ.

"काय झालं?"

"आखूड तर हाय," ती काळजीने म्हणाली, "पण माझ्यापेक्षा जाड दिसते. चालंल का?"

* * *

एक दिवस जिन्यात पावलं वाजली. बायकांनी पटापट साड्या खाली ओढल्या. बघतो तर शेठ! हातात डबा, बगलेत प्लास्टिकची खुर्ची, चेहऱ्यावर लहान मुलासारखा ओशाळेपणा.

"काय झालं, शेठ?"

"मिसेसने टेस्ट करायला लावली."  दिवसभर एसीच्या केबिनमध्ये, जाताना गाडीत, गाडीच्या काचा काळ्या. आमच्यापेक्षा वेगळं काय होणार होतं?

कल्पनाताईने टाकीजवळची जागा करून दिली. शेठ पलीकडे तोंड करून बसले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या, डबा उघडला. चांगले रमले. आम्ही आमच्या गप्पांत. बऱ्याच वेळाने कल्पनाताईने घड्याळ बघितलं आणि हॉलमधल्याच आवाजात हाक मारली,

"शेठ, उठा! वीस मिनिटं झाली. प्रोडक्शन कमी व्हायला नको!"

* * *

तीन महिन्यांनी कल्पनाताईचा दुसरा रिपोर्ट आला. आकडा चांगला वर गेला होता. मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "हात छातीशी बांधा आणि उठा." ती उठली. कशाला न धरता. मॅडम म्हणाल्या, "परत." ती परत उठली. मग मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या, त्या आत आल्या तरी ही उठबस करतेच आहे!

"अहो, पुरे!"

"थांबा ओ मॅडम, वर्षभराची बाकी हाय."

मॅडमनी बजावलं, अजून निम्मा रस्ता झालाय, ऊन सोडू नका. कल्पनाताई म्हणाली, "आता सोडते कशाला?"

सोडायची वेळ दुसऱ्यांनीच आणली.

झालं असं, की गच्ची रस्त्यावरून दिसते. नीट नाही, पण मान वर करून बघितलं तर कठड्याच्या जाळीतून पाय दिसतात. एके दुपारी एक बाईकवाला तशीच मान वर करून चालला होता, आणि समोरचं वळण काही त्याच्यासाठी थांबलं नाही. गाडी सरळ गटारात!

आम्ही धावत कठड्याशी गेलो. माणूस गटारात उभा, गुडघ्यापर्यंत गाळ, पण धडधाकट.

सुगंधा वरून ओरडली, "ओ दादा, लागलं का? वर बघायचं असलं तर वर या ना! ऊन काय आमच्या बापाचं नाय!"

चाळीस बायका खो-खो हसल्या. त्या माणसाने हेल्मेट काढलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. तो तात्यांचा जावई होता.

* * *

गटारात जावई पडला आणि लाज गेली आमची! संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कंपनीतल्या बायका गच्चीवर अंग उघडं टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारतात. आठ दिवसांत तात्या चार माणसं घेऊन शेठकडे गेले. शेठने हात जोडले, "गावाशी वाकडं नको, तुमचं तुम्ही मिटवा," आणि गच्चीला कुलूप.

आम्हाला वाटलं, चार दिवसांत निवळेल. महिना गेला. कुलूप काही उघडलं नाही. पाचव्या आठवड्यात कल्पनाताईचा हात पुन्हा टेबलाच्या कडेला दिसायला लागला. मी बघितलं की काढून घ्यायची.

मग एका रविवारी देवळात बोलावणं आलं. सभामंडपात सतरंजी घातलेली. तात्या, रिटायर झालेले मास्तर आणि आणखी तिघं वडीलधारे एका बाजूला, आम्ही बायका एका बाजूला. आई मागच्या खांबाशी. मास्तरांनी शहापुरातून टाइप करून आणलेला कागद माझ्यापुढे सरकवला. "तू शिकलेली. मोठ्याने वाच."

मी वाचला. 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला कामगार स्वखुशीने लिहून देतो की, यापुढे कंपनीच्या गच्चीवर उघड्या अंगाने बसणार नाही.'

"स्वखुशीने?" मी विचारलं.

"तसं लिवावं लागतं," मास्तर म्हणाले.

कल्पनाताईने हात जोडले. "तात्या, माझे पाय त्या उन्हानं उभे राहिले. आमी कठड्याला जुन्या साड्या बांधतो, आडोसा करतो. खालून काय दिसणार नाय."

"दिसलं नाय तरी लोकांना म्हाईत असतं ना, आत काय हाय ते!"

"मग माहीत असणाऱ्यांचे डोळे बांधा," सुगंधा पुटपुटली.

"गप गो!" तात्यांचा आवाज चढला. "औषधं मिळतात, ती खावा. घरी बसून खावा. ऊन, ऊन! आमच्या टायमाला कुणाला असले रोग नव्हते. आता सरळ सांगतो. सह्या झाल्या तर उद्या गाडी येईल. नाय झाल्या तर गावात कंपनीची गाडी शिरू देणार नाय. मग बसा घरी, आणि बसा अंगणात उन्हात!"

बायकांत चुळबूळ झाली. गाडी नाही म्हणजे काम नाही. कल्पनाताईने एकदा सगळ्यांकडे बघितलं. तिच्या दोन मुली दाराशी उभ्या होत्या, त्यांच्याकडे बघितलं. मग कागद ओढला. "आण तो पेन," ती मला म्हणाली. "माझ्यामुळं सगळ्यांचं नको."

पेन माझ्या हातात होता. मी दिला नाही.

"मी सही करणार नाही," मी म्हटलं. "आणि हिलाही करू देणार नाही."

मागून आईचा आवाज आला, "गप बस गो..."

"नाही बसणार!"

तात्या तांबडे झाले. "लाज वाटते का? बायकांचे पाय आख्ख्या रस्त्याला दिसतात!"

"तात्या," मी म्हटलं, "भाताच्या लावणीला ही कल्पनाताई कंपनीत सुट्टी टाकून तुमच्या शेतात येते. सुगंधा येते. माझी आई येते. साडी गुडघ्याच्या वर खोचून दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. तुम्ही बांधावर असता. मास्तर असतात. तुमचे जावई असतात. रस्त्याएवढे लांब नाही, चार हातांवर. मी चहाची किटली घेऊन येते तेव्हा बघते ना. पाय हेच असतात."



मी कागद उचलून त्यांच्या बाजूला ठेवला आणि पेन त्यावर ठेवला.

"तेव्हा तुमच्यातलं जे कुणी पाठ फिरवून बसलं होतं, त्याने आधी सही करावी. त्याच्या खाली मी करते."

तात्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी चष्मा काढला. बाकीचे तिघं सतरंजीकडे बघत होते. वाऱ्याने कागदाची एक कड उचलली, पेन गडगडत सतरंजीवरून फरशीवर गेला आणि तिथेच पडून राहिला.